टोकापासून दोन बोटं

ब्रोखसाहेब पाती तपासायला बसले की गाळ्यात कुणी बोलत नाही. अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवायची आणि पातं हळूच ओढत न्यायचं. धारेमागचं पोलाद पुरेसं पातळ असलं तर ते नखावर किंचित वाकतं, आणि उजेडाची एक इवलीशी लाट धारेबरोबर सरकत जाते. आमच्या सोलिंगनमध्ये, या चाकू बनवणाऱ्यांच्या गावात, या नखावरून उतरल्याशिवाय पात्याला मूठ बसत नाही.

माझ्या पात्यांवर ती लाट मुठीकडून छान निघाली आणि टोकापासून दोन बोटं अलीकडे विझली.

"बाराच्या बाराही," ब्रोखसाहेब म्हणाले. "आणि एकाच जागी, हिल्डे."

"पण धार लागलीय ना? हातावरचे केस उतरतात."

"केस उतरवायला न्हावी आहे गावात. हा भाजीचा चाकू आहे." त्यांनी गाजरात पातं घातलं. मुठीकडून ते लोण्यात जावं तसं गेलं. टोकाकडची जागा आली आणि गाजर कट्कन तडकलं. "बघितलंस? धार कापत पुढे जाते, पण तिच्यामागून जाड पोलाद येतं आणि पाचर ठोकल्यासारखं फोडतं. सोमवारपर्यंत सुधार. नाहीतर एमिलच्या दगडावर मला दुसरं कुणी बसवावं लागेल."

एमिल म्हणजे माझे पापा. त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. पंचवीस वर्षं ते त्या फिरत्या दगडावर पाती घासत बसले. त्या धुळीनंच त्यांची छाती खाल्ली. नदीकाठचा हा गाळा सुटला तर मला कारखान्यात जावं लागणार होतं, आणि कारखान्यात माझी अकरा महिन्यांची लेक, उर्सेल, कोण ठेवू देणार? इथं ती माझ्या पाठीमागं, कपड्यांच्या टोपलीत बसते.

ब्रोखसाहेब गेल्यावर शेजारच्या दगडावरून एवाल्डकाका म्हणाले, "हात वाईट नाही गं तुझा. फक्त शेवटी घाबरतो."

"मी नाही घाबरत."

"मग दगड घाबरत असेल."

रविवारी सकाळी उर्सेलसाठी सफरचंद कापत होते. चाकू पापांनी शेवटच्या हिवाळ्यात घासलेला. फोडी सुरेख पडत होत्या आणि टोकाशी येताच फळ तडकलं. मी थांबले. चाकू पुसला, नखावर धरला. लाट निघाली, चालली, आणि टोकापासून दोन बोटं अलीकडे विझली.

मला एकदम त्यांची पाठ दिसली. मुठीकडून टोकाकडे पातं नेताना ते दगडावर वाकायचे, वाकलं की छाती दबायची, खोकला यायचा. खोकताना पातं जास्त खाल्लं जाऊ नये म्हणून ते हात किंचित उचलायचे. तेवढंच पोलाद मागं राहायचं. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी तिथं तासन्‌तास बसायचे.

पण मला खोकला नाही. कधीच नव्हता.

सोमवारी उजाडताच मी एवाल्डकाकांना माझ्यासमोर उभं केलं. "माझा हात बघू नका. मला बघा."

तीन पाती झाली. काकांनी टोपी काढली.

"श्वास धरतेस," ते म्हणाले. "एमिल खोकायचा ना, बरोबर तिथं. आणि हात उचलतेस त्याच्यासारखा. पोरी, मला वाटलं आता आवाज येईल."

मी जिद्दीनं श्वास चालू ठेवून बघितला. हात ठरल्या जागी थबकायचाच. दात आवळून दाबला तर पातं दगडात शिरलं, धार निळी पडली, जळली. दोन पाती वाया गेली. पापा त्या जागेवरून हलायला तयार नव्हते.

मग मी पातं उलटं धरलं. टोकाकडून सुरुवात, मुठीकडे शेवट. शेवटी श्वास थांबला, हात उचलला गेला. मी उचलू दिला.

दुपारी ब्रोखसाहेबांच्या नखावर लाट टोकाकडून निघाली ती सरळ चालत मुठीपाशी येऊन थांबली. त्यांनी भुवया उंचावल्या. गाजर टोकाकडून कापलं, फोडी पडल्या. मग नवलकोल घेतला, त्याचं लाकडासारखं बूड मुठीजवळच्या धारेखाली धरलं आणि दाबलं. बूड तुटलं, धारेला काही झालं नाही.

"मुठीजवळ मुद्दाम जाड ठेवलंस?"

"हो," मी म्हणाले.

"शहाणी आहेस. बाया जोर तिथंच लावतात. असंच ठेव. दगड तुझा."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला हसू येत होतं, रडूही. उर्सेलला उचलून सांगावं म्हणून मी वळले.

टोपलीत ती लाकडी चमचा काठावरून ओढत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, अगदी मन लावून. काठ संपत आला. तिचे गाल स्थिर झाले, श्वास थांबला, आणि इवलासा हात वर उचलला गेला. पापांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. मग तिनं चमचा परत पहिल्या जागी नेला.

मी तिला शालीत गुंडाळलं आणि चढण चढून एवाल्डकाकांच्या घरी गेले. गेर्डाकाकू बटाटे सोलत होत्या.

"दिवसभर सांभाळाल हिला? रोज?"

"अगं, दगड मिळाला ना तुला? ही जवळ राहावी म्हणूनच तर एवढी धडपडलीस!"

"हो."

त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले. उर्सेल माझी वेणी सोडेना.

"काकू, इथं दगडाचा आवाज येतो?"

"छे! इतक्या वर?"

"वारा खालून असला तरी?"

"तरी नाही गं."

मी उर्सेलची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला त्यांच्याकडे दिलं.