पंपघरामागची रोपं

खात्यात त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत, आणि तेही तोंडावर. बावीस वर्षं जो माणूस जीपच्या टपावर भोंगा बांधून गल्लोगल्ली ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ करत हिंडला, त्याला दुसरं काय म्हणणार? वनखात्याच्या जनजागृती शाखेत ते एकटेच होते. म्हणजे ते, खिडकीजवळचं एक टेबल, पत्रकांचे गठ्ठे आणि जीपची किल्ली, एवढं सगळं मिळून ती शाखा होती.

बावीस वर्षांत लोकांनी त्यांचं एकदाच ऐकलं, आणि त्याचा पश्चात्ताप त्यांना अजून होत होता. शहराबाहेरच्या टेकडीवर एक जांभळं रानफूल वर्षातून पंधरा दिवस फुलायचं. गुराख्यांपलीकडे ते कोणाला ठाऊक नव्हतं. भोंगाकाकांनी आठवडाभर घसा फोडून सांगितलं, “टेकडीवरची फुलं तोडू नका, पायवाट सोडू नका, आपला कचरा आपण परत न्या.” रविवारी आठ हजार माणसं, काय तोडायचं नाही ते बघायला आली. पायवाट मात्र कोणी सोडली नाही, कारण संध्याकाळपर्यंत अख्खी टेकडीच पायवाट झाली होती. त्यानंतर ते फूल तिथे कोणाला दिसलं नाही. खात्याने काकांना प्रशस्तिपत्र दिलं आणि काकांनी ते कपाटाच्या मागे टाकलं.

तरी माणूस हटला नाही. गेल्या वर्षी त्यांनी इथल्या मातीतली, इथल्या हवेतली बाराशे रोपं वाटली. आता इथली झाडं म्हणजे काय, तर दिसायला अगदीच गरीब. कुठे काटे, कुठे नखाएवढं फूल, पानं धुळकट. फुकट असूनही कोणी हात लावीना. तेव्हा खात्याच्या साहेबांनी डोकं चालवलं आणि प्रत्येक रोप निळ्या चकचकीत कुंडीत बसवलं. दोन तासांत बाराशेच्या बाराशे संपली, रांगेत भांडणं झाली. प्रत्येक रोपाला पत्र्याचा छोटा बिल्ला तारेने बांधला होता, त्यावर खात्याची खूण आणि नंबर. काकांना त्या दिवशी आपलं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

यंदा साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक झाडापलीकडे पार्किंग दिसायचं.

“भोंगा, वरून पत्र आलंय. गेल्या वर्षीची रोपं किती जगली, ते विचारलंय. शंभर जरी दाखवलीत तरी भागेल. एकाच जागी असली तर मग सोन्याहून पिवळं! तिथे निसर्ग पर्यटन केंद्र काढू. फरसबंदी वाट, उंच मनोरा, दोनशे गाड्यांची सोय. नकाशे तयार आहेत, जागा तेवढी हवी.”

“आणि नाही जगली तर?”

“तर शाखा बंद. तुम्ही तळघरात, जुन्या फायलींकडे. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं काढा कशीबशी.”

तळघराची काकांना धास्ती वाटली. कष्टाला ते भीत नव्हते. तिथे माईक नव्हता, आणि माईकशिवाय आपण कोण, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

ते घरोघर निघाले. निळ्या कुंड्या जागच्या जागी होत्या. गॅलरीत, जिन्यात, दाराशी, पुसून लख्ख ठेवलेल्या. एकीत लाल-पिवळ्या पानांचं विलायती झाड, दुसरीत निवडुंग, तिसरीत चक्क प्लास्टिकचे गुलाब. रोपाचं विचारलं की उत्तर एकच, “गावी पाठवलं हो, तिकडे जागा मोठी असते.” चाळीसाव्या घरी हेच ऐकल्यावर काकांना वाटलं, एवढी रोपं गेली असतील तर गावातल्या माणसांना एव्हाना राहायला जागा उरली नसेल. काकांच्याच वसाहतीतल्या निवृत्त मास्तरांनी तर रोपाची खुशालीही सांगितली.

संध्याकाळी दमून घरी आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतच राहिले. निळ्या कुंडीत लाल पानांचं झाड डोलत होतं. वर्षभर रोज सकाळी त्या कुंडीसमोर उभं राहून त्यांनी दात घासले होते.

“अगं, यात आपलं रोप होतं ना?”

“होतं की.” बायको पोळी लाटत होती, तिने मान वर केली नाही.

“मग?”

“अहो, काट्यांचं होतं ते. ओट्याशी उभी राहिले की बाही अडकायची. आणि ही कुंडी इतकी गोड, तिला शोभायला नको का काही?”

“आणि मी जगाला सांगत फिरतोय! फेकून दिलंस?”

“फेकीन कशी? जिवंत रोप कचऱ्याच्या डब्यात टाकवतं का कोणाला? आपल्या वसाहतीच्या पंपघरामागे ठेवून आले, चांगलं मातीसकट.” लाटणं थांबवून ती म्हणाली, “तिथे आणखीही होती, कोणाकोणाची.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच काका पंपघराकडे गेले. ते बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. मागे भिंत आणि नाला यांच्यामध्ये एक लांबट पडीक पट्टा होता. तिथला फुटका नळ दुरुस्त करा, असे पाच अर्ज वसाहतीने केले होते आणि एकावरही कोणी काही केलं नव्हतं. काका कोपऱ्यावरून वळले आणि थबकले.

समोर रान होतं. त्यांच्या डोक्याच्या वर गेलेलं. काटेरी झुडपांना आंबट काळी फळं लागली होती, वेली भिंतीवर चढल्या होत्या, आणि नखाएवढ्या फुलांवर इतक्या मधमाश्या होत्या की हवा गुणगुणत होती. बुंध्याबुंध्यावर पत्र्याचा बिल्ला. काकांनी मोजायला सुरुवात केली आणि तीनशेच्या पुढे त्यांना मोजवेना, कारण डोळे भरून आले होते. त्यांना इतका आनंद झाला की कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. सवयच ती.

तोंड उघडलंही त्यांनी. पण तेवढ्यात नजर पट्ट्यावरून फिरली, आणि साहेबांचा नकाशा डोळ्यांपुढे आला. मनोरा इथे. फरसबंदी इथून. आणि दोनशे गाड्या? पट्टा इनमीन तेवढाच होता. काकांना ती टेकडी आठवली आणि त्यांनी तोंड मिटलं.

झुडपांत सळसळ झाली. मास्तर बाहेर आले, हातात बादली.

“मी आपला फिरायला आलो होतो,” मास्तर म्हणाले.

“बादली घेऊन?”

मास्तर ओशाळले. “नळाचं पाणी त्या टोकापर्यंत पोचत नाही हो. रोप टाकून गेलो, पण झोप लागेना. मग येत राहिलो. खात्याला कळलं तर दंड होईल का?”

“कोणाकोणाला माहीत आहे हे?”

“कोणालाच नाही. म्हणजे, सगळ्यांनाच. पण बोलतो कोण? बोललं की पहिलं बिंग आपलंच फुटणार.”

भोंगाकाका एका दगडावर बसले. बावीस वर्षं त्यांनी जे ओरडून मागितलं, ते लोकांनी लाजेपोटी गुपचूप करून टाकलं होतं. वर राखणही अशी कडक, की खात्याला सात जन्मांत जमली नसती.

पुढचे चार दिवस ते पहाटे पक्कड घेऊन जात होते. बिल्ल्यांच्या तारा बुंध्यांत रुतल्या होत्या, त्या सालीला धक्का न लावता एकेक करून त्यांनी कापल्या. हात ओरबाडून निघाले. बायकोने हळद लावली. पाचव्या दिवशी त्यांनी अहवाल दिला. जगलेली रोपं : शून्य.

साहेबांनी तो दोनदा वाचला. “एकही नाही? अहो, बावीस वर्षं तुम्ही लोकांना सांगत होतात तरी काय?”

काकांच्या ओठांवर उत्तर होतं, चांगलं तासभर पुरेल एवढं. ते गिळताना त्यांना जेवढा त्रास झाला, तेवढा तळघराच्या पायऱ्या उतरतानाही झाला नाही.

“काही नाही, साहेब,” ते म्हणाले, आणि खिशातून जीपची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

पुढच्या वर्षी खात्याने जनजागृतीचं काम एका कंपनीला दिलं. एका रविवारी सकाळी वसाहतीत नवी कोरी गाडी शिरली. मागे रोपं, या खेपेला पिवळ्या कुंड्यांत. कंपनीने नवा माणूस ठेवला नव्हता. खात्याकडची जुनी ध्वनिफीत लावली होती.

“बंधूंनो आणि भगिनींनो! एक रोप घ्या, आपल्या मातीतलं रोप घ्या!”

बायको हात पुसत खिडकीशी आली. “अहो, तुमचाच आवाज.”

काका पेपर खाली ठेवून ऐकत राहिले. माणूस पोटतिडकीने बोलत होता, यात शंका नाही. खाली रांग लागली होती. मास्तर सगळ्यांत पुढे होते.

“घ्यायचं का आपण?” तिने विचारलं. “पिवळी कुंडी तशी गोड आहे.”

“दोन घे,” भोंगाकाका म्हणाले. “काट्यांची बघून घे.”