टाळूवरची पांढरी वाट

या, जरा जवळ सरका. एका बहिऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याने एका बाईचा हरवलेला आवाज शोधून दिला.

तो कवळ्या घडवायचा. घासायच्या मोटारीने चाळीस वर्षांत त्याचे कान खाल्ले होते. समोरच्याचे ओठ पाहून तो बोलणे समजून घेई. सगळे त्याला दातकाका म्हणत.

त्या सकाळी एक आजी आंधळ्या नवऱ्याचा हात धरून दुकानात आल्या. नवी कवळी बसवून आठवडा झाला होता.

"टोचते का कुठं?"

"छे! छान बसलीय. पण ह्यांना माझा आवाजच ओळखू येईना."

"परकी बाई घरात वावरतेय असं वाटतं," आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "काल पाणी घेऊन आली, तर मी दचकलो. पेला सांडला."

"आजोबा, तोंड इकडं करा. मला ऐकू येत नाही."

"अरे देवा! मला दिसेना, तुम्हाला ऐकू येईना. निवाडा करायचा कुणी?"

"ही करील," म्हणत काकांनी कवळीच्या टाळूवर पांढरी भुकटी भुरभुरली. "आजी, तोंडात घालून एकदाच 'ई' म्हणा."

'ई' म्हणताना जिभेच्या कडा दाढांपाशी टाळूला टेकतात, तिथली भुकटी पुसली जाते आणि मधे आवाजाला चिंचोळी वाट उरते. आजींनी काढून दिलेल्या कवळीवर ती मधोमधही पुसली गेली होती. कवळी तिथे जाड होती.

"जिभेला हाड नसतं म्हणतात. पण तिला जागा तर हवी ना!"

मोटार न लावता ते हाताने घासू लागले. भुकटी, 'ई', पुन्हा घासणे. चौथ्या खेपेला ते थांबले.

"आता कागदाएवढा थर उरलाय. फुटली तर बिनदाताच्या राहाल."

"घासा," आजी म्हणाल्या. "दातांवाचून राहीन. ह्यांना परकी होऊन नाही राहायचं मला."

पाचव्या खेपेला दोन्ही कडा पुसल्या गेल्या, मधे पांढरी वाट शिल्लक राहिली. काकांनी कवळी धुऊन दिली आणि ते पाठ फिरवून ब्रश धुवायला लागले.

आजींनी टेबलावरचा पेला उचलला. "अहो, पाणी पिता का?"

आजोबांचा हात न चाचपडता त्यांच्या मनगटावर गेला. "आलीस? आठवडाभर होतीस कुठं गं?"

काकांना यातले काही ऐकू आले नाही. वळून पाहिले, तर एका पेल्यावर दोघांचे हात होते. ते हसले आणि पुढची कवळी उचलली.

आता घरी कुणाला पाणी विचाराल, तेव्हा 'पाणी'तल्या त्या 'ई'पाशी क्षणभर थांबा, आणि आमच्या दातकाकांची आठवण काढा.