नळात रडणारी बी चू

दुपार कलली की आमच्या वस्तीतली निम्मी माणसं सार्वजनिक नळापाशी जमायची. रॉकेलचे रिकामे डबे, बादल्या, पोरं, उदबत्त्यांचा धूर. त्या साली सिंगापुरात पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. बेटावर माणसं वाढत होती, पाणी वाढत नव्हतं, आणि सामुद्रधुनीपलीकडून येणाऱ्या पाण्याचंही रेशनिंग चालू होतं. एक दिवसाआड नळ यायचा, तोही संध्याकाळपुरता.

पण गर्दी नुसती पाण्यासाठी नव्हती. नळ रडायचा.

मी स्वतः ऐकलं आहे. आधी पाइपात खोल घरघर, मग खोकल्यासारखा आवाज, आणि मग एखादी पोर तोंड दाबून मुसमुसावी तसा बारीक, लांबलेला हुंदका. पाठोपाठ तांबडं पाणी. मी वस्तीच्या दवाखान्यात नर्स होते, लोक मला 'मिसी' म्हणत. मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. तरी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाठीवरून थंड काहीतरी सरकलं.

नळाजवळ लाल कापड घातलेलं टेबल, आणि त्यामागे गोह भगत. याच्या अंगात देव यायचा. डोळे फिरवून, मान झटकून तो सांगायचा, "टेकडीवरची हाडं उकरली. धरणाची भिंत बांधायला झोपलेल्यांना उठवलं. आता ते पाण्याबरोबर पाइपातून येतात. तहानलेले आहेत."

एवढं खरं होतं, की नव्या जलाशयासाठी टेकडीवरच्या कबरी हलवल्या होत्या. वस्तीतल्या सुई खिमची तापात गेलेली सहा वर्षांची मुलगी, बी चू, त्यातल्याच एका कबरीत होती.

"बी चू, आईशी बोल," भगत म्हणायचा. आणि नळ रडायचा.

सुई खिम नळाच्या ओट्यावर मुगाची गोड पेज ठेवायची आणि तोटीला कान लावून बसायची. "तापात अशीच रडायची हो," ती मला म्हणाली. "अगदी अशीच."

मी गप्प बसले. ती चूक झाली, कारण पुढच्याच आठवड्यात भगताने फर्मान काढलं: नळाचं पाणी प्यायचं नाही, ते मेलेल्यांचं आहे. प्यायचं ते त्याच्या मागच्या अंगणातल्या विहिरीचं, वर मंत्राच्या कागदाची राख टाकून. आणि जलाशयाच्या कामावर वस्तीतल्या कुणी जायचं नाही.

ती विहीर डुकरांच्या खोपटाला लागून होती.

"भगत, त्या पाण्याला वास येतो," मी म्हटलं.

"पुण्याचा वास आहे, मिसी. तुमच्या औषधांनी नाक मेलंय तुमचं." लोक हसले. "इंजेक्शनवाल्यांना अमृत सहन होत नाही. धंदा बुडतो ना."

महिना संपायच्या आत दवाखान्यात टायफॉइडचे रोगी यायला लागले. वस्तीतली टेओ आजी दगावली. मग सुई खिम आपल्या धाकट्याला, हुआतला, खांद्यावर टाकून आली. पोराचं अंग निखाऱ्यासारखं तापलेलं.

"कुठलं पाणी पाजलंस?"

"चांगलंच पाजलं, विहिरीचं," ती म्हणाली. "बी चूचं कसं पाजू त्याला?"

हुआतला मोठ्या इस्पितळात पोचवून मी परत आले, तर दारात भगताची बायको. तळहाताला फोड येऊन फुटले होते.

"काय केलंत, मावशी?"

"मिरच्या कुटल्या उखळात."

मी तिचे हात धुतले. मिरचीचा डाग असा नसतो. फोडांच्या कडांना गंज होता, आणि पाण्यालाही लोखंडाचा वास आला. मिरच्या कुटणारीचे हात गंजत नाहीत. भगताचं टेबल नेहमी त्याच जागी का असतं, आणि ही बाई नेहमी त्याच कोपऱ्यात, कापडाच्या आड बसून ढोलकं का सांभाळते, हे मी मनात घोळवू लागले. दवाखान्याचाही नळ एकदा असाच कण्हला होता. आतली चकती झिजली होती, नवी घातल्यावर गप्प झाला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी जाऊन त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"मिसी, ती देवाची जागा आहे," भगत म्हणाला.

"मग देव आले की उठते."

पाणी सुटायची वेळ झाली. पाइप घरघरला. भगताने मान झटकली. "बी चू, आईशी बोल."

नळ खोकला, हवा फसकन बाहेर पडली, तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. रडं नाही.

"बी चू," भगत पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. नळ आपला वाहत राहिला.

"रुसलीय," तो म्हणाला. "परक्या बाईचा विटाळ झाला."

मी उठले आणि टेबलाचं कापड वर केलं. खाली जमिनीत लोखंडी झाकण होतं, झाकणाखाली पाइपाची चावी. मी ती हळूहळू अर्ध्यावर आवळली. नळ मुसमुसायला लागला. तोच हुंदका. कुणाच्या तरी हातातली बादली खाली पडली.

"आतली चामड्याची चकती झिजलीय," मी सांगितलं. "चावी अर्धी बंद केली की पाणी बारीक फटीतून घुसतं, चकती थरथरते आणि आवाज येतो. तांबडं दिसतं तो गंज आहे, रिकाम्या पाइपात सुटलेला. भगताची बायको कापडाआडून हीच चावी फिरवायची. विश्वास ठेवू नका माझ्यावर. या आणि फिरवून बघा."

मग सुई खिम पुढे आली. ती गुडघ्यावर बसली, दोन्ही हातांनी चावी धरली. तिने ती आणखी आवळली तसं रडं बारीक झालं. सैल केली तसं मोठं झालं. बराच वेळ ती तशीच पुढेमागे करत होती. शेवटी तिने चावी पूर्ण उघडली. पोर गप्प झाली. नुसतं पाणी पडत राहिलं.

"मीच रडवत होते तिला," ती म्हणाली.

"ती नव्हतीच तिथे," मी म्हटलं.

"मग ती कुठे आहे, मिसी?"

भगत देवाच्या कोपाबद्दल बोलत होता. दोन-चार जण ऐकतही होते. आठवड्याने तो बायकोसह दुसऱ्या वस्तीत गेला. तिथेही सार्वजनिक नळ होता. म्हणून मी तिथल्या नर्सला निरोप धाडला.

पण सुई खिमचा प्रश्न खरा होता आणि त्याला खरं उत्तर होतं, फक्त तिला ते कुणी दिलं नव्हतं. कबरी हलवताना साहेबलोकांनी तिच्या दारावर नोटीस डकवली, तीही तिला वाचता न येणाऱ्या भाषेत. मी तिला घेऊन कबरी हलवणाऱ्यांच्या कचेरीत गेले आणि साहेब उठून आमच्याबरोबर येईपर्यंत खुर्चीवरून हलले नाही. नव्या जागेत उकरलेली हाडं ठेवलेले, दगडाने बंद केलेले छोटे कोनाडे ओळीने होते. साहेबाने एकावर बोट ठेवलं. सुई खिमने त्या थंड दगडाला कान लावला.

"काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"नाही येणार," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि तिथेच बसून पहिल्यांदा स्वतः रडली. हुआत इस्पितळातून घरी आला तेव्हा काडीसारखा झाला होता, पण आला. नळाची चकती बदलली. जलाशयाच्या कामावर वस्तीतली माणसं जायला लागली.

तुमच्या गावात मेलेलं माणूस बोलायला लागलं, तर घाबरा, हरकत नाही. मीही घाबरले होते. पण आवाज कुठून येतो ते खाली वाकून बघा, कापड वर करा, स्वतःच्या हाताने फिरवून पाहा. आणि पाणी उकळून प्या, कुणीही मंत्रून दिलेलं असलं तरी.