बेनीने वाचलेली जपानी मुलगी

माझ्या मुलीची, ॲलिसनची, मालवाहू बोटीवर कॅडेट म्हणून निवड झाली. हे बापाला तोंडाने सांगायचं सोडून तिने त्याच्या चहाच्या कपाशेजारी एक जपानी कॉमिक ठेवलं. तेवीस वर्षांची घोडी झालीय, पण पप्पांसमोर दातखीळ बसते. कंपनीला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्याच शुक्रवारी वसईहून ॲलन नावाचा मुलगा आईवडिलांसकट व्हिडिओ कॉलवर तिला बघणार होता.

कॉमिकमधली मुलगी शंभर वर्षांपूर्वीची. घरच्यांनी आणलेलं स्थळ मोडते, केस कापते, पँट चढवते आणि बोटीवर निघून जाते. पप्पा वाचतील आणि समजून घेतील, असा ॲलिसनचा बेत.

माझा नवरा बेनी इथे कतारमध्ये हमद पोर्टला कंटेनरची कागदपत्रं तपासतो. वीस वर्षं उजवीकडून सुरू होणारी अरबी कागदपत्रं त्याच्या हाताखालून जातायत. तरीही त्याने पुस्तक डावीकडून उघडलं. तिथे मोठ्या अक्षरांत छापलं होतं की थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने वाचताय. ती प्रस्तावना असेल म्हणून त्याने पान उलटलं. प्रस्तावना तो कधीच वाचत नाही.

गुरुवारी जेवताना म्हणाला, "मॅग्डलीन, हे पुस्तक तूपण वाच. बोटीवर भटकणारी पोरगी शेवटी घरी येते. केस वाढवते, नीट कपडे घालते, पाहुण्यांना चहा देते. ॲलनच्या वडिलांना पण पाठवू या."

ॲलिसन माझ्याकडे बघायला लागली. मी भात वाढत राहिले. दर वेळी मीच का बोलायचं?

"पप्पा, इट्स राइट टू लेफ्ट," ती शेवटी म्हणाली. "ती घरी येत नाही, ती जाते. अँड आय वॉन्ट टू गो टू. मला बोटीवर जॉब मिळालाय."

बेनीने हात धुतले आणि पुस्तक उजवीकडून वाचायला घेतलं. आमटी गार झाली. एका पानावर तो थांबला. त्यात बाप दारात उभा होता आणि मुलगी पाठमोरी.

"ह्याच्यापुढे बाप कुठे दिसतो?"

"दिसत नाही," ॲलिसन म्हणाली. "पुढची स्टोरी तिची आहे."

"मी वाचलं तेव्हा तो तिला घरात घ्यायला उभा होता," बेनी म्हणाला.

त्याने हे स्थळ आणल्यापासून मला त्याचा राग येत होता. आता मी त्याची आमटी परत गरम करायला ठेवली.

ॲलिसन उठली आणि कंपनीला पाठवायचा भरलेला फॉर्म लॅपटॉपवर त्याच्यासमोर धरला. बेनीने तो कामावरच्यासारखा ओळीओळीने वाचला. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, त्या रकान्यात तिने त्याचं नाव घातलं होतं. तिथे त्याने बोट ठेवलं.

"हा माझा जुना नंबर आहे," तो म्हणाला. "बदल."

तिने बदलला. मग त्याने ॲलनच्या वडिलांना फोन लावला आणि उद्या कॉल करू नका म्हणून सांगितलं.