कोऱ्या हातांची नोकरी

लोकांना काय येतं याचा पगार मिळतो. पाटीताईला काय येत नाही याचा मिळायचा.

तीन वर्षांपूर्वी गळ्यात टेप अडकवून ती या गेम बनवणाऱ्या कंपनीत आली, ती सोफ्याची कव्हरं शिवायला. सोफा होता चाचणीच्या खोलीत. खोली घरातल्या दिवाणखान्यासारखी सजवलेली होती: टीव्ही, सतरंजी, प्लास्टिकचं झाड. एक भिंत मात्र काळ्या काचेची. खेळणारा सोफ्यावर बसायचा आणि त्याचं काय चुकतं ते बाकीचे काचेमागून बघायचे. ती उश्यांचं माप घेत असताना डिझायनरने सहज तिच्या हातात कंट्रोलर दिला. "ताई, जरा खेळून बघता?"

तिने तो उलटा धरला आणि पडद्यावरच्या खेळाडूला सात वेळा एकाच भिंतीवर आपटलं. आठव्यांदा तिने त्या भिंतीचीच माफी मागितली. काचेमागे आनंदाने टाळ्या पडल्या. खेळ सहा वर्षांच्या नातवापासून आजीपर्यंत सगळ्या घरासाठी होता, आणि कंपनीतले सगळे जन्मापासून कंट्रोलर चोखलेले. न येणारा माणूस कुठे अडतो हे त्यांना दिवा घेऊन शोधलं तरी सापडत नव्हतं. ही बाई तर पावलोपावली अडत होती.

"तुम्ही कोरी पाटी आहात ताई, कोरी पाटी!" डिझायनर म्हणाला. नाव चिकटलं, नोकरीही चिकटली.

खेळाचं नाव ढगझेल. दोन संघ, तीन-तीन खेळाडू, उडत्या रजयांवर बसलेले. चेंडूच्या जागी ढगाचं एक पिल्लू, कापसासारखं आणि जरा रडवं. ते झेलायचं, गड्याकडे फेकायचं आणि पलीकडच्या मनोऱ्याच्या खिडकीत निजवायचं. पण पाच मोजण्याच्या आत सोडलं नाही, तर हातातच पाऊस होऊन गळून जायचं. कुणी पडलं तर खाली एक म्हातारा बगळा झेलून परत रजईवर ठेवायचा. मार नाही, रक्त नाही. फार तर भिजायचं.

मोजायचं विसरू नये म्हणून पाटीताईने पहिल्याच आठवड्यात आपल्यापुरतं एक गाणं जुळवलं होतं:

एकाला आलं, दोनाला न्हालं,
तिनाला जड, चाराला रड,
पाचाला सोड गं, पाचाला सोड.

डिझायनरने ते ऐकलं आणि खेळातल्या प्रेक्षकांच्या तोंडी घातलं. आता ढगांवर बसलेली हजार माणसं तिचं गाणं म्हणायची.

सगळं छान चाललं होतं, आणि तिथेच माशी शिंकली. तिच्या हातांना खेळ येऊ लागला.

तिने शिकायचं ठरवलं नव्हतं. पण तीस वर्षं सुईत दोरा ओवलेले हात ते. ते काय मालकिणीला विचारून शिकतात? दीड महिन्यापूर्वी एका दुपारी तिचा अंगठा आपला आपणच वळला, पिल्लू झेललं गेलं, मनोऱ्यात निजलंसुद्धा, आणि ती दचकून काळ्या काचेकडे वळली. काचेमागे कुणी पाहिलं का? नशिबाने सगळे चहाला गेले होते.

तेव्हापासून ती नाटक करत होती. बटण दाबण्याआधी मनात तीन मोजायची. ठरलेल्या भिंतीवर ठरल्याप्रमाणे आपटायची. "अगं बाई, हे काय झालं?" असं ठरल्या जागी म्हणायची. गोड गळ्याच्या बाईने मुद्दाम बेसूर गावं तसं ते होतं. घरी गेल्यावर खांदे दुखायचे. पण सांगायचं कसं? शिवणकामात जन्मभर तिने "बाही घट्ट झाली", "काज वाकडं आलं" हेच ऐकलं होतं. इथे मात्र ती "मला नाही कळलं" म्हणाली की बारा शिकलेली माणसं वहीत लिहून घ्यायची, आणि चूक तिची नसून खेळाची ठरायची. लिहिलेल्या पाटीला कोण ठेवून घेतंय?

आणि आज शेवटची चाचणी. संध्याकाळी पाचला खेळाला कुलूप लागणार होतं. त्यानंतर एक टाकाही बदलता येणार नव्हता. तो तसाच्या तसा लाखभर घरांत जाणार. सकाळी दहाला ती सोफ्यावर बसली, नेमून दिल्यासारखी चुकली, आणि अर्ध्या तासात पहिला सामना पार केला.

"पाटीताई पास म्हणजे जग पास!" डिझायनर काचेमागून ओरडला. दोन रात्री तो झोपला नव्हता. त्याने कागदावर सही केली आणि टेबलावर डोकं टेकलं.

दीडच्या सुमाराला खालून निरोप आला, तुमच्याकडे कुणी आलंय. खाली स्वागताच्या टेबलाशी तिचे सासरे उभे होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला, काठीसारखा ताठ माणूस. हातात तिच्या चष्म्याची डबी.

"काय गं सूनबाई, डोळे घरी ठेवून नोकरीला आलीस?"

"अगंबाई! विसरलेच की मामंजी. उगाच एवढ्या लांब आलात."

"उगाच कसा? चष्म्याशिवाय तुला टीव्हीवरचं अक्षर दिसत नाही, आणि परवा तूच म्हणालीस की हा खेळ वाचून वाचून शिकायचा." मग टेबलामागच्या मुलीकडे वळून म्हणाले, "तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. स्टूल आहे का? मी बघतो."

पाटीताई डबी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

वाचून वाचून शिकायचा. कोणतं बटण, कधी दाबायचं, ते सगळं पडद्यावर लिहून येतं. ते येतं की नाही, कळतं की नाही, एवढंच बघायला तिला ठेवलं होतं. आणि सकाळी तिने एक अक्षर वाचलं नव्हतं. चष्मा नाही हेसुद्धा तिला कळलं नव्हतं. अंगठ्यांना माहीत होतं, अंगठे खेळले. तिने पास केला तो खेळ नव्हता, स्वतःचं नाटक होतं.

ती धावत वर गेली. चाचणीची खोली रिकामी होती. चष्मा चढवून तिने पहिला सामना लावला. अंगठा हलला, रजई हलली, आणि ठळक अक्षरं आली: 'पिल्लू झेलायला हिरवं बटण दाबा.' हुश्श. आहे की! पण तिचं समाधान होईना. आपण न येणाऱ्यासारखं बसून बघू, असं तिने ठरवलं, तर ते जमेना. पोहता येणाऱ्याने बुडून दाखवावं कसं? हात आधी, डोळे मागून. ही अक्षरं नवख्याला दिसतील का, हे सांगायला नवखाच हवा. अख्ख्या इमारतीत तसं कोण होतं?

तिला ते स्टूल आठवलं.

भिंतीवर दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती डिझायनरच्या टेबलाशी गेली. तो बिस्कीट खात होता, पहिल्यांदाच शांत चेहऱ्याने. तो चेहरा बघून तिला वाटलं, परत फिरावं. सही झालीये. कदाचित सगळं ठीकच असेल. लाख घरांतून एखादं अडलं, तर आपलं नाव थोडंच घेणार आहे?

"काय ताई?"

"सकाळची चाचणी खोटी आहे," ती म्हणाली. "मला खेळ येतो. दीड महिना झाला. मी नुसतं येत नसल्याचं दाखवतेय."

बिस्कीट चहात पडलं.

"ताई, चेष्टा करताय ना?"

"चष्मा घरी होता माझा. अक्षर न वाचता पास झाले मी." तिने एका दमात सांगून टाकलं. "माझं काय करायचं ते मागून ठरवा. आधी खाली माझे सासरे आहेत, त्यांना बसवा. त्यांनी टीव्हीच्या रिमोटलाही कधी हात लावला नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. राग आला असता तरी परवडलं असतं. तो नुसता फिका पडला होता.

अडीचला मामंजी सोफ्यावर बसले, पाठ न टेकता. काचेमागे सगळी टोळी जमली. पाटीताई दाराशी उभी राहिली. बोलायचं नाही, हा खोलीचा नियम. सामना सुरू झाला. रजई हवेत तरंगली, पिल्लू समोर येऊन हुंदके देऊ लागलं. मामंजींनी कंट्रोलर दोन्ही तळव्यांवर धरला, उघडलेलं घड्याळ धरावं तसा, आणि बघत बसले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. अक्षर आलं नाही. प्रेक्षक गप्प, बगळा खाली डुलक्या काढतोय.

"आजोबा, खेळा ना," शेवटी काचेमागून डिझायनरचा आवाज फुटला.

"काय खेळू? कुणी सांगेल तर! दुसऱ्याचं यंत्र आहे, माहिती नसताना बोट लावायची माझी रीत नाही."

काचेमागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. गेल्या आठवड्यात, खेळ येणाऱ्यांना त्रास होतो म्हणून, सूचना आधी दाखवायची सोडून खेळाडू हलल्यावर दाखवायची असं केलं होतं. जो न सांगता हात लावत नाही, त्याला ती जन्मात दिसणार नव्हती. आणि घरोघरी असे आजोबा, अशा आजी, अशी भित्री पोरं बसली असतील, समोर रडणारं पिल्लू बघत, आपल्यालाच काही येत नाही असं समजून.

डिझायनर बाहेर आला. वाजले होते पावणेतीन. "पाचला कुलूप नाही," तो फोनवर म्हणाला. "नाही. मला ओरडा, पण नाही." मग फोन ठेवून तो पाटीताईसमोर उभा राहिला. तिने गळ्यातलं ओळखपत्र आधीच काढून हातात घट्ट धरलं होतं. त्याची कड तळव्यात रुतत होती.

"दीड महिन्यातल्या सगळ्या चाचण्या परत कराव्या लागतील," तो म्हणाला.

"हो."

"तुमचं काय करायचं, मला खरंच माहीत नाही ताई. आत्ता डोकं चालत नाहीये."

"हो," ती म्हणाली.

तेवढ्यात सोफ्यावर गडबड उडाली. कंट्रोलर खाली ठेवताना मामंजींचा अंगठा कुठेतरी लागला, रजई हलली, अक्षरं आली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, हिरवं बटण शोधून दाबलं, आणि ढगाचं पिल्लू त्यांच्या खेळाडूच्या कुशीत येऊन पडलं. हजार माणसं गाऊ लागली. मामंजींची मान वर झाली.

"अगं, हे तर तू शिवताना गुणगुणतेस ते गाणं! सूनबाई, हे जड व्हायला लागलं. रडतंय गं! धरू की सोडू?"

नियम होता, बोलायचं नाही. पाटीताईने डिझायनरकडे पाहिलं. मामंजींच्या अंगठ्यांकडे बघत त्याने वही उघडली.

"सोडा, मामंजी," ती म्हणाली. "पाच झाले."

आणि हातातलं ओळखपत्र तिने त्याच्या उघड्या वहीवर ठेवलं.