शिक्क्याची जागा

“अहो, सरका की पुढं! चित्र काय पळून चाललंय?” मागची बाई खेकसली. तिच्या काखेत आजीचा समोवर होता, चहाचं पाणी उकळायचं पितळी भांडं. रांगेतल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी देश सोडून चाललं होतं आणि सामानाबरोबर न्यायच्या वस्तूंवर सरकारी शिक्का हवा होता: ‘कलामूल्य नाही.’ मूल्य आहे असं ठरलं, तर वस्तू इथंच राहणार.

माझा नवरा वेन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र पोटाशी धरून उभा होता.

“तमारा, त्यांना आवडलं तर गं?”

“तीस वर्षांत तुझं एकही नाही आवडलं, ते आजच बरं आवडेल!” मी बोलून गेले आणि जीभ चावली. तो नुसता हसला.

वेन्या कारखान्याच्या क्लबात फोटोवर चौकटी आखून नेत्यांची चित्रं काढायचा आणि रविवारी स्वतःची. त्यांत माणूस नाही, झाड नाही, नुसता रंग. चित्रकार संघानं त्याला कधी दारात उभं केलं नाही. एकदा मित्राच्या खोलीत प्रदर्शन मांडलं, ते पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी गुंडाळायला लावलं. मग चित्रं पलंगाखाली झोपायची आणि आम्ही पलंगावर. खरं सांगते, मी त्या चित्रांना कंटाळले होते. तोही थकला होता.

गुरुवारी आमची ईना नवऱ्याबरोबर कायमची चालली होती. तिनं एकच मागितलं: ते राखाडी चित्र, पांढऱ्या कोपऱ्याचं. “बाबा, हे आपलं स्वयंपाकघर आहे ना?” असं ती नेहमी विचारायची. वेन्या कधी हो म्हणाला नाही, कधी नाही म्हणाला नाही.

आमचा नंबर आला. टेबलामागच्या बाईंनी चादर पुरती निघायच्या आतच सांगितलं, “मूल्य नाही.” माझा जीव भांड्यात पडला. शिक्का मागच्या बाजूला मारतात, म्हणून त्यांनी चित्र पालथं केलं. त्यांच्या बाहीवर पांढरी भुकटी सांडली, आणि सुटलेल्या पापुद्र्याखालून एक दाट काळी भुवई बाहेर आली.

खोलीतल्या सगळ्यांनी ती ओळखली: देशाच्या सगळ्यात मोठ्या नेत्याची.

“हे काय हो?” बाईंचा आवाज उतरला.

“क्लबातलं बाद चित्र,” वेन्या म्हणाला. “त्यांना आणखी एक पदक मिळालं, म्हणून नवं काढायला लावलं. कॅनव्हास कुठं मिळतो, बाई? चेहऱ्यावर पांढरा हात मारला आणि उलटी बाजू वापरली. तीन वर्षांत विसरूनच गेलो.”

“आणि यांच्या कपाळावर मी ‘मूल्य नाही’ मारू? मला दोन लेकरं आहेत. परत न्या.”

“मुलगी गुरुवारी जातेय,” मी म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही थकलेल्याच होत्या. “पुढच्या बाजूला मारते. पण शिक्का वाचता आला पाहिजे. पांढऱ्यावरच मारावा लागेल.”

“नको!” मी ओरडले. “त्या कोपऱ्यावर त्यानं अख्खा हिवाळा घालवलाय!”

वेन्यानं पांढऱ्यावर बोट ठेवलं. “इथं. जरा खाली. हां, आता सरळ मारा.”

जांभळी शाई ओली होती, चादर लागली असती तर पसरली असती. म्हणून चित्र उघडंच न्यावं लागलं. भर दुपारी, दोन्ही हातांनी छातीसमोर धरून वेन्या रस्त्यानं चालला. लोक थांबून बघत होते. चौकातल्या पोलिसानं अडवलं, वाकून शिक्का वाचला आणि जा म्हणाला.

ट्रामच्या थांब्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय आहे हो हे?”

“आमचं स्वयंपाकघर,” वेन्या मोठ्यानं म्हणाला.

मला रडू फुटलं. ईना घरी पेट्या बांधत होती. मी चादर काखेत मारून त्याच्या मागं चालत राहिले.