उतारावर उभा रणगाडा

ऑफिसात तिला सगळे चाकंवाली म्हणत. कंपनी ऑनलाइन युद्धाचा एक खेळ चालवायची आणि त्या खेळात जमिनीवरून जे जे जायचं, जीप, ट्रक, चिलखती गाड्या, रणगाडे, त्या सगळ्यांची चाल तिच्या हाती होती. कुठली गाडी किती जड, कुठल्या वळणावर कलंडेल, चिखलात किती रुतेल, हे ती आकड्यांत मांडायची. आकाश विमानवाल्याचं, जमीन तिची. अकरा वर्षं तिनं ती सांभाळली होती. तिला स्वतःला साधी मोटार चालवता येत नव्हती, यावरून ऑफिसात एक विनोद होता. तो इतका जुना झाला होता की आता त्यावर कुणी हसायची तसदी घेत नसे.

मंगळवारी सकाळी दहाला खेळाचा नवा अपडेट गेला. त्यात डोंगराळ मुलखाचा नवा नकाशा होता, दोन नवे रणगाडे होते आणि तिनं चार महिने खपून मुळापासून नव्यानं लिहिलेली गाड्यांची चाल होती. साडेदहापर्यंत सगळं आलबेल होतं. पावणेअकराला पहिला व्हिडिओ आला. एका खेळाडूनं टेकडीच्या कुशीला रणगाडा लावला होता आणि तो दुर्बिणीतून शत्रूची वाट बघत होता. रणगाडा हळूच बाजूला सरकला. मग अजून थोडा. खेळाडूला कळेपर्यंत साठ टनांचं ते धूड लोण्यावर ठेवलेल्या वाटीसारखं घसरत खाली गेलं आणि नदीत बुडालं. चालवणाऱ्यानं कशालाही हात लावला नव्हता.

अकरापर्यंत असे चाळीस व्हिडिओ झाले. शिवाय कुंपणाला नुसत्या खेटलेल्या जीपा चेंडूसारख्या उडून छपरांवर जाऊन बसत होत्या. खाली लोकांच्या प्रतिक्रियांचा पाऊस. ‘रणगाडा आहे की साबणाची वडी?’ ‘आमचा चालक मधेच उतरून घरी गेला वाटतं.’ पहिला तासभर सगळे हसत होते. नंतर एका स्पर्धेत एका संघाचे चार रणगाडे एकही गोळी न खाता दरीत गेले आणि हसण्याची जागा शिव्यांनी घेतली.

जीपचं दुखणं तिनं अर्ध्या तासात शोधलं. एके ठिकाणी दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. रणगाड्यांचं मात्र काही हाती लागेना. तिनं आपल्या चाचणीच्या मैदानावर रणगाडा आणला, पळवला, थांबवला. तो खांबासारखा उभा. दुसरा आणला, तोही उभा. तिसऱ्यावर दारूगोळा भरून बघितला. जागचा हलेना.

बारा वाजता प्रमुखांनी बैठक बोलावली. प्रमुख तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होते आणि रागावले की आवाज चढवायच्या ऐवजी उतरवत, त्यामुळे सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागे.

“मला एवढंच सांगा,” ते हळू आवाजात म्हणाले, “चाचणीत हे सुटलं कसं?”

सगळ्यांच्या नजरा पंचनाम्यांकडे गेल्या. पंचनामे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आधीची वीस वर्षं ते एका विमा कंपनीत अपघातग्रस्त गाड्या तपासत. रस्त्यावर टायरच्या खुणा किती लांब आहेत ते टेप लावून मोजत. ती कंपनी बुडाली आणि पन्नाशीला आलेले पंचनामे इथे गाड्यांची चाचणी करायला लागले. त्यांच्या नोंदी अपघाताच्या पंचनाम्यासारख्या असत: तारीख, वेळ, जागा, दिशा, आणि सोबत बाणांच्या खुणा केलेली चित्रं. नोंद आली की लोक म्हणत, आला पंचनामा. मग तेच नाव माणसाला चिकटलं.

पंचनाम्यांनी पेनाला टोपण लावलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

तेव्हा चाकंवालीला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची एक नोंद तिच्याकडे आली होती. ‘थांबलेला रणगाडा जागा सोडतो.’ तिनं रणगाडा मैदानावर उभा केला होता, दोन मिनिटं वाट बघितली होती आणि ‘घडत नाही’ असा शेरा मारून नोंद बंद केली होती. त्या दिवशी तिच्याकडे अशा सतरा नोंदी होत्या.

आता हे तोंड उघडणार, असं तिला वाटलं. पंचनामे बोलले नाहीत. तीही बोलली नाही. प्रमुखांनी त्या गप्प बसण्याचा आपल्या सोयीचा अर्थ घेतला आणि बैठक उठली.

दुपारी खेळाच्या पानावर निवेदन आलं: चाचणीतल्या काही त्रुटींमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. चाकंवालीनं ते दोनदा वाचलं. आधी दुरुस्ती, मग बाकीचं, असं तिनं मनाशी म्हटलं. हे म्हणणं सोयीचं आहे, हे तिला कळत होतं. तिनं पुन्हा एक रणगाडा मैदानावर आणून उभा केला.

संध्याकाळी घरी जेवायला चौघं होते: ती, नवरा, सासूबाई आणि दीर. दीर रुग्णवाहिका चालवायचा. सुट्टीच्या दिवशी तो हाच खेळ खेळत बसे आणि आज त्याची सुट्टी होती.

“वहिनी,” ताट पुढे ओढत तो म्हणाला, “तुमच्या रणगाड्यानं आज मला तीनदा नदीत बुडवलं.”

“नदीत?” सासूबाईंचा हात थांबला. “कुठल्या नदीत?”

“खेळातल्या, आई.”

“मग जेव मुकाट्यानं.”

नवरा हसला. चाकंवालीला हसू आलं नाही. “माझ्याकडे नाही ना घसरत,” ती म्हणाली. “दिवसभर उभा करून बघितला. ढिम्म हलत नाही.”

“कुठे उभा केलात?”

“माझ्या चाचणीच्या मैदानावर.”

“कसंय मैदान?”

“मैदान कसं असतं? सपाट.”

दिरानं घास ताटात ठेवला. तो एरवी वहिनीची खोडी काढायची एकही संधी सोडत नसे, पण गाडीच्या बाबतीत तो चेष्टा करत नसे.

“सपाटीवर काय, हातगाडीसुद्धा उभी राहते, वहिनी. आमच्याकडे नवा ड्रायव्हर आला की त्याला आधी गाडी चालवायला देत नाहीत. आत पेशंट आहे असं समजून चढावर उभी करून दाखव म्हणतात. पळणारी गाडी कुणालाही सांभाळता येते. तुम्ही चढावर लावून बघितलात का?”

“नाही,” ती म्हणाली.

“का?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं. जुने सगळे नकाशे जवळजवळ सपाट होते आणि अकरा वर्षांत तिला उताराचं मैदान करावंसं कधी वाटलंच नव्हतं. पण जेवताना सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं. तिनं भाजी वाढून घेतली.

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. तिनं पंचनाम्यांची बंद केलेली नोंद उघडली. नोंद सहा पानांची होती. तिनं वाचलं होतं ते फक्त पहिलं पान. दुसऱ्या पानावर तक्ता होता. आठ अंशांचा उतार, दहा मिनिटांत चार सेंटिमीटर. अकरा अंश, मिनिटाला अर्धा मीटर. पंधरा अंशांवर रणगाडा चाळीस सेकंदांत सुटतो आणि मग थांबत नाही. पुढे प्रत्येक रणगाड्याचे वेगळे आकडे, आणि चित्रांत घसरण्याच्या खुणांवर लाल बाण. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: ‘सपाटीवर घडत नाही. तपासणी सपाटीवर करू नये.’

ती ओळ तिनं पुन्हा वाचली नाही. एकदा वाचणं पुरेसं होतं.

पुढचं काम अवघड नव्हतं. जुन्या लिखाणात एक ठिगळ होतं: गाडी पुरती थांबली की तिच्याखाली एक न दिसणारी खुंटी ठोकली जायची आणि गाडी त्या खुंटीला बांधली जायची. नवी चाल लिहिताना चाकंवालीनं ते ठिगळ काढून टाकलं होतं, कारण खऱ्या जगात अशी खुंटी नसते. तिच्या नव्या हिशेबात रणगाड्याच्या साखळी-पट्ट्यांची पकड घसरण्यातून निघत होती. जेवढं घसरणं, तेवढी पकड. म्हणजे रणगाड्याला उभं राहण्यासाठीच थोडं थोडं घसरत राहावं लागत होतं. हिशेब देखणा होता आणि रणगाडे नदीत जात होते. तिनं खुंटी परत ठोकली, पण या वेळी नीट, ताण मर्यादेबाहेर गेला की सुटेल अशी. मग उताराचं मैदान तयार केलं. अकरा वाजेपर्यंत रणगाडा अकरा अंशांवर उभा राहिला, पंधरावर राहिला, पंचवीसवरही राहिला. चाळीसवर घसरला. तिथे त्यानं घसरायलाच हवं होतं.

मग ती प्रमुखांकडे गेली.

“सर, रणगाड्यांची नोंद तीन आठवड्यांपूर्वीच आली होती. ती मी बंद केली. न वाचता.”

प्रमुखांनी खुर्ची मागे सारली. “हे अजून कुणाला माहीत आहे?”

“पंचनाम्यांना.”

“ते काही बोलले नाहीत.”

“म्हणून मी बोलतेय. ते निवेदन चुकीचं आहे.”

“चुकीचं नाही,” प्रमुख आणखी हळू आवाजात म्हणाले, “ढोबळ आहे. दुरुस्ती झाली ना? मग झाकली मूठ राहू द्या. आता हे उकरून काढलं तर लोक म्हणतील, माहीत असून पाठवलं.”

“माहीत असूनच पाठवलं, सर. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं, एवढंच.”

प्रमुखांनी फोनकडे बघितलं. याचा अर्थ तिनं जावं, असा होता.

प्रत्येक दुरुस्तीबरोबर खेळाडूंसाठी बदलांची यादी जायची. जमिनीच्या भागाची यादी ती स्वतः लिहायची आणि प्रमुख ती न वाचता पुढे पाठवायचे. गुरुवारच्या यादीत तिनं लिहिलं: ‘थांबलेले रणगाडे उतारावरून घसरत होते, ते आता घसरणार नाहीत. ही चूक चाचणी विभागाने तीन आठवडे आधी मोजमापांसह कळवली होती. गाड्यांचं काम पाहणाऱ्या व्यक्तीने ती नोंद पूर्ण न वाचता बंद केली. ही दुरुस्ती त्याच व्यक्तीने केली आहे.’ लिहिताना तिला आपण फार मोठं काही करतोय असं वाटलं नाही. उशीर झाल्यासारखं वाटलं.

दुपारी दोनला यादी गेली. अडीचला प्रमुखांचा फोन आला. अर्धा तास ते बोलले आणि तिनं ऐकलं. नोकरी गेली नाही. पण पुढच्या वर्षीच्या रणगाड्यांचं काम विमानवाल्याकडे गेलं. त्याला जमिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मात्र आलेली प्रत्येक नोंद शेवटपर्यंत वाचीन, असं त्यानं लेखी कबूल केलं. खेळाडूंनी दोन दिवस तिच्या ओळींवर वाद घातला. काहींनी तिला हाकला म्हटलं, काहींनी बक्षीस द्या म्हटलं. बाकीच्यांनी एक मागणीपत्र काढलं की घसरते रणगाडे निदान एका दिवसासाठी परत द्या, मजा येत होती. कंपनीनं ते मान्य केलं आणि त्या दिवशी खेळाला कधी नव्हती एवढी गर्दी झाली.

त्याच गुरुवारी, प्रमुखांचा फोन ठेवल्यावर, ती दोन जिने उतरून पहिल्या मजल्यावर पंचनाम्यांच्या टेबलापाशी गेली. ते पडद्यावरचा एक ट्रक भिंतीवर आपटून बघत होते. मागे घ्यायचे, आपटायचे, वहीत लिहायचे.

“बसा, बाई,” मान वर न करता ते म्हणाले.

ती बसली. “तुम्ही बैठकीत बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? नोंद लिहिलेली होती. लिहिलेलं ज्यानं वाचलं नाही, तो ओरडलेलं ऐकणार होता होय?”

“मी आज यादीत लिहिलंय.”

“पाहिलं.” त्यांनी ट्रक थांबवला. “बरं केलंत. पण एक सांगू? मला त्या निवेदनाचं काही वाटलं नाही. चूक कुणाच्याही नावावर टाका, दरीत गेलेली गाडी काही वर येत नाही. ती मोजमापं घ्यायला मला तीन दिवस लागले. एकेका रणगाड्यापाशी दहा-दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो होतो. ते तीन दिवस कुणी पाहिलेच नाहीत, त्याचं वाटलं.”

तिला माफी मागायची होती; तेवढ्यासाठीच ती खाली आली होती. पण त्यांच्या बोलण्यात माफीला जागाच नव्हती.

“अशा अजून किती आहेत?” तिनं विचारलं. “मी बंद केलेल्या?”

“अकरा.” त्यांना आठवावं लागलं नाही.

“काढा.”

त्यांनी खुर्ची बाजूला घेतली आणि पडदा तिच्याकडे वळवला. ऑफिस सुटेपर्यंत ती तिथेच बसून वाचत होती, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. मधे त्यांनी तिच्यासाठी चहा आणून ठेवला आणि तो गार झाला. अकरांपैकी सात नोंदी खरोखरच जुन्या झाल्या होत्या, आता घडत नव्हत्या. चार घडत होत्या. एक तर पुलावर उभ्या राहिलेल्या ट्रकची होती आणि ती वाचताना चाकंवालीनं कपाळाला हात लावला.

“ही उद्या करते,” ती म्हणाली.

“करा,” पंचनामे म्हणाले. “झाली की मला कळवा. मी परत मोजीन.”

महिनाभरानं त्यांनी विमानांच्या चाचणीकडे बदली मागून घेतली. ती का, असं तिनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. जिन्यात भेटले की ते मान हलवत. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार होती, पण तिच्या नोंदी दोन ओळींच्या असत, घाईत लिहिलेल्या. नोंद आली की चाकंवाली दोन जिने उतरून खाली जाई, मुलीच्या शेजारची खुर्ची ओढून बसे आणि विचारी, “कुठे होती गाडी? दाखव बघू.”